पुराच्या दिवसांत भरवसा कोणावर: टीव्ही, पेपर की रेडिओ?

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेली मंडळी पावसाळा तोंडावर आला की विचारतात, घरात मराठी न्यूज चॅनेल दिसत असताना पेपर कशाला लावायचा? प्रश्न रास्त आहे. मी पंचगंगेपासून फार लांब राहत नाही आणि २०१९ व २०२१ हे दोन्ही महापूर इथंच काढलेत, म्हणून माझं मत सांगतो. तुमचं घर उंचावर असेल तर ते तितकंसं लागू पडणार नाही.

टीव्हीचं मोल मी कमी करत नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, एनडीआरएफच्या तुकड्या निघाल्या, हे तिथंच आधी कळतं. २०१९ मध्ये राज्यभरातून मदतीच्या गाड्या आल्या, त्यामागे टीव्हीवरच्या दृश्यांचा मोठा हात होता असं मला वाटतं. मुंबई-पुण्यात बसून कोल्हापूरची काळजी करणाऱ्याला टीव्ही पुरतो.

अडचण होते ती इथं राहणाऱ्याची. पंचगंगेची पातळी मोजतात ती राजाराम बंधाऱ्यावर. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. या चार फुटांतच सगळे निर्णय घ्यायचे असतात: गाडी वर नेऊन लावायची का, तळमजल्यावरचं धान्य हलवायचं का, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवायचं का. अशा वेळी पडद्याखालच्या पट्टीवर ‘पंचगंगा ४१ फुटांवर’ एवढंच फिरत राहतं. कधीचे ४१ फूट? पहाटेचे की आत्ताचे? पाणी चढतंय की उतरतंय? मी संध्याकाळी टीव्ही लावला तेव्हा जो आकडा होता, तोच रात्री जेवताना होता, आणि नदी तेवढ्यात वर आलेली होती. वर चालू असलेली दृश्यंही कुठल्या दिवसाची, कुठल्या पुलाची, ते लिहिलेलं नसतं. जुनी दृश्यं पुन्हा लागली की पुण्याहून बहिणीचा घाबरून फोन येतो आणि तिला समजावण्यात वेळ जातो. टीव्हीवरून माझं मन उडालं ते या एका गोष्टीमुळे.

पेपरातला आकडा शिळा असतो, हे मान्यच. पण तो रात्री किती वाजताचा, हे शेजारीच छापलेलं असतं. आदल्या दिवशीची पातळी, पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं, बंद रस्ते आणि पर्यायी मार्ग हेही असतं. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले ते असतं. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, तेव्हा दोन उघडले की पाच, यावर पुढचा अंदाज ठरतो. रात्री दहाचे ४० फूट आणि तासाला साधारण किती वाढ, एवढं हातात असलं की सकाळचा हिशेब मला स्वतःला करता येतो. वेळ नसलेल्या ताज्या आकड्यावरून तो करता येत नाही.

हे होतं कारण माणसांची मांडणीच वेगळी आहे. चॅनेलचा बहुधा जिल्ह्याला एक प्रतिनिधी, स्टुडिओ मुंबईकडे, आणि संध्याकाळचा वेळ राजकीय चर्चेला. पेपरचे वार्ताहर तालुक्यातालुक्यात असतात. शहराला नळाचं पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्र पाण्याखाली गेल्यावर नळ बंद झाले, तेव्हा कुठल्या भागात टँकर कधी येणार हे मला पेपरातच मिळालं. पूर नसतानाही पाणीकपात, गुळाचे सौदे, निधन वार्ता यासाठी जिल्ह्याचं पानच लागतं.

रेडिओबद्दल थोडक्यात: वीज गेली की टीव्ही बंद, रस्ते तुटले की पेपर येत नाही. अशा दोन-चार दिवसांसाठी सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा. आकाशवाणीच्या बातम्या छोट्या असतात, पण शांतपणे सांगतात. एरवी तेवढ्यावर भागेल असं मी म्हणणार नाही.

घरी टीव्ही आहेच, तो राहू द्या. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी पेपर ठेवीन. फक्त लावताना विक्रेत्याला शहर आवृत्ती की ग्रामीण, हे नीट विचारून घ्या. करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहत असाल तर ग्रामीणच घ्या. तुमच्या बंधाऱ्याचं नाव त्यातच सापडण्याची शक्यता जास्त.