स्पॅनिशचा 'प्रेम आणि डेटिंग' कोर्स: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर संपत आलाय. रोज सकाळी मेट्रोत वीस मिनिटं. साडेचारशे कार्डं आहेत, त्यातली चारशेच्या वर पाठ झालीत, म्हणजे चार दिवस वापरून बोटं मोडतेय असं नाही. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण मी चाळून पाहिलेली बाकीची दोन-तीनही याच वळणाची निघाली.

घ्यायचं कारण अननस. 2024 च्या उन्हाळ्यात मी नाशिकहून नोकरीसाठी वालेन्सियाला आले आणि दुसऱ्याच महिन्यात स्पेनभर एक खूळ पसरलं. संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान मर्कादोना सुपरमार्केटात जायचं, ट्रॉलीत अननस उलटा ठेवायचा आणि वाइनच्या कपाटांपाशी घुटमळायचं. म्हणजे आपण एकटे आहोत, बोलायला हरकत नाही. ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या गप्पांत 'लिगार' हा शब्द सारखा कानावर पडायचा आणि माझ्या पुस्तकात तो नव्हताच. पुस्तकात विमानतळ होता, हॉटेल होतं, डोकेदुखी होती. लिगार म्हणजे पटवणं, हे एका सहकाऱ्याने बरेच हातवारे करून समजावलं. तेव्हाच ठरवलं की हे नीट शिकायचं. पैसे भरायला मात्र फेब्रुवारी उजाडला.

आधी चांगलं. आवाज उत्तम आहेत. बोलणारे स्पेनमधले आहेत, त्यामुळे 'थीता' (म्हणजे डेट, ठरवलेली भेट) यातला थ तसाच, जीभ दातांत धरून ऐकू येतो. आपल्याला इथे आयता फायदा आहे. स्पॅनिश त आणि द म्हणजे आपलेच त आणि द. माझी आयरिश रूममेट वर्षभर 'टे किएरो' म्हणतेय, मी पहिल्या दिवशी 'ते किएरो' म्हटलं, म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. शाळेच्या तक्त्यावर ज्याला कधी चित्र मिळालं नाही तो बिचारा ञ सुद्धा अखेर 'कारीञ्यो'त भेटला. कारीञ्यो म्हणजे लाडके, राजा, सोन्या, जे काय म्हणाल ते. फक्त हुरळून जाऊ नका. इथे भाजीवालीसुद्धा सुटे पैसे परत देताना कारीञ्यो म्हणते, थिएलो म्हणते. थिएलो म्हणजे आकाश.

उच्चार तपासणारं यंत्र मात्र निव्वळ शोभेचं. एकदा मी 'ते किएरो'च्या जागी मुद्दाम 'तिकडे ये रे' म्हटलं. हिरवी खूण.

आता खरी तक्रार. हा कोर्स इंग्रजीतून शिकवतो आणि मराठी माणसाला तिथेच विनाकारण अडवतो. अगदी पहिल्या धड्यातलं 'मे गुस्तास' घ्या. कार्डावर 'आय लाइक यू' आणि खाली लाल चौकट: सावधान, वाक्य उलटं फिरतं, 'तू मला आनंद देतोस' असा विचार करा. त्यावर पाच सराव. मी दोन आठवडे डोक्यात आधी मराठीचं इंग्रजी करायची, मग ते इंग्रजी उलटं फिरवायची. एका रात्री आईशी फोनवर बोलताना 'मला नाही आवडत ते' म्हणाले आणि मध्येच थांबले. मे गुस्तास म्हणजे मला तू आवडतोस. फिरवायचं काय त्यात? मे म्हणजे मला. पुढे सगळंच सुटत गेलं. 'मे दुएले ला काबेथा' म्हणजे माझं डोकं दुखतंय, आणि तिथेही मे म्हणजे मलाच. 'मे अपेतेथे' म्हणजे मला खावंसं, प्यावंसं वाटतंय. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस असं मला वाटतं, आणि ते 'यावंस' म्हणजेच बेंगास. हा भाग ॲपने 'कठीण' म्हणून पार शेवटी ढकललाय. कठीण इंग्रजीवाल्यांना. त्या दिवसापासून मी कार्डाचा इंग्रजी भाग अंगठ्याने झाकते आणि वहीत मराठी लिहिते.

मराठी सगळीकडे कामाला येते असं मात्र नाही. सेर आणि एस्तार ही दोन्ही क्रियापदं म्हणजे 'असणं', आणि आपल्या 'आहे'ला त्यांतला फरक कळत नाही. ॲपनेही सांगितला नाही, बुएनो म्हणजे चांगला एवढ्यावर विषय संपवला. एकाबरोबरच्या पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, तुझा बॉस कसा आहे? मी आत्मविश्वासाने म्हणाले, 'एस्ता बुएनो.' समोरचा बिअर पिताना ठसकलाच. 'एस बुएनो' म्हणजे माणूस चांगला, 'एस्ता बुएनो' म्हणजे काय दिसतो, कसला माल आहे. माझा बॉस अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याला दोन नातवंडं आहेत. साडेचारशे कार्डांच्या डेटिंग कोर्सात या फरकाला एक कार्ड देता येऊ नये?

कोर्समधली वाक्यं म्हणजे सगळी भाषणं. 'तुला माझ्यासोबत एका थीतावर यायला आवडेल का?' असं इथे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. थीता म्हटलं की परदेशी माणसाला आधी आठवते ती सरकारी कचेरीची घेतलेली वेळ, नाहीतर दातांचा डॉक्टर. लोक वापरतात ते क्रियापद म्हणजे केदार. हो, माझ्या मामेभावाचं नाव, जोर फक्त शेवटच्या अक्षरावर. केदार म्हणजे भेटायचं ठरवणं. 'केदामोस एल ब्येर्नेस?' म्हणजे शुक्रवारी भेटूया? नाहीतर 'ते अपेतेथे तोमार आल्गो?', काहीतरी घेऊया का? या दोन वाक्यांवर माझं अर्धं वर्ष निघालं आणि दोन्ही मी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी शिकले.

दुसरं म्हणजे सगळी वाक्यं पुरुषाने बाईला म्हणायची. तू ग्वापा आहेस, तू एर्मोसा आहेस (दोन्ही म्हणजे सुंदर), तुझे डोळे असे, तुझं हसू तसं. बाईला काही म्हणायचं असेल तर शब्दाचा शेवट, ग्वापाचा ग्वापो, तिचा तिने बदलून घ्यावा. 'पिरोपो' नावाचा एक पूर्ण धडा आहे, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या बाईला उद्देशून करायची तारीफ, चाळीस नमुने. स्पेनमध्ये 2022 साली लैंगिक स्वातंत्र्याचा नवा कायदा आला. लोक त्याला 'सोलो सी एस सी' म्हणतात, फक्त हो म्हणजेच हो. रस्त्यावरची लैंगिक छेडछाडसुद्धा त्याने शिक्षापात्र केली. कोर्स मात्र अजून तोंडाने शिट्टी मारत उभा आहे.

'ते किएरो' आणि 'ते आमो'मधला फरकही एका ओळीत उरकलाय: पहिलं साधं, दुसरं तीव्र. खरं तर किएरो म्हणजे 'हवंय'सुद्धा, कॉफी मागतानाही तेच क्रियापद. आणि ते किएरो इथे आजी, भाऊ, मैत्रीण, सगळ्यांना म्हणतात. मी ट्रामच्या थांब्यावर एका मुलीला फोन ठेवताना आजीला ते म्हणताना ऐकलं आणि उगीच कानकोंडी झाले. आमच्या घरात असं वाक्यच नाही. ते आमो मात्र स्पेनमध्ये जपून वापरतात, ऐकायला फार जड वाटतं. माझी अर्जेंटिनाची सहकारी तेच बिनदिक्कत म्हणते. तिच्याकडे 'तू'ऐवजी 'बोस' आहे, आणि तिच्या 'मे गुस्तास'मध्ये जोर शेवटी येतो. 'तुझी आठवण येते'ला ती 'ते एस्त्राञ्यो' म्हणते, इथले लोक 'ते एचो दे मेनोस'. कोर्स ही सगळी खिचडी एकाच ताटात वाढतो. 'कोखेर' हा शब्द स्पेनमध्ये बस पकडायला रोज लागतो, पण अर्जेंटिनात किंवा मेक्सिकोत तो तोंडातून काढू नका. का ते स्वतः शोधा, मी इथे लिहिणार नाही.

म्हणींचा धडा मात्र झकास. अर्धं संत्रं, 'मेदिया नारांखा', म्हणजे जन्माचा जोडीदार. 'दार कालाबाथास', भोपळे देणं, म्हणजे नकार देणं. आपण नारळ देतो, हे भोपळा देतात. मला एप्रिलमध्ये एक मिळाला. कार्ड आधीच पाठ असल्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात बातमी शुद्ध स्पॅनिशमध्ये सांगता आली, आणि सगळे इतके हसले की दुःख निम्मं झालं. त्या धड्याचे पैसे वसूल.

14 फेब्रुवारीला ॲपने सकाळपासून अकरा सूचना पाठवल्या, गुलाबाच्या चित्रांसकट. 9 ऑक्टोबरला एकही नाही. वालेन्सियातला प्रेमिकांचा दिवस खरा तो, सान्त दिओनीस. 1238 साली जाउमे राजाने जिंकलेल्या शहरात प्रवेश केला तो हाच दिवस, म्हणून प्रदेशभर सुट्टी असते. पुरुष रेशमी रुमालात मार्झिपानची इवली फळं-भाज्या बांधून देतात, त्याला मोकादोरा म्हणतात. यंदा मला मिळाला, बॉसवरून ठसकणाऱ्याकडूनच. त्यात एक वांगं होतं. चव गोव्यात नाताळात मिळतं त्या काजूच्या मार्झिपानच्या जवळची, फक्त हे बदामाचं. रुमालावर त्याच्या आईने वालेन्सियनमध्ये 'तेस्तीमे' भरतकाम केलेलं. तेच 'ते किएरो', पण ही भाषाच निराळी, बार्सेलोनातल्या कातालानच्या घरातली. साडेचारशे कार्डांत तिचा एक शब्द नाही. बार्सेलोना किंवा वालेन्सियाला येणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

जूनमधली गोष्ट. दुसऱ्या भेटीनंतर रात्री साडेबाराला ट्रामपाशी तो म्हणाला, 'अविसामे कुआन्दो येगेस.' शब्द ओळखीचे होते, तरी वाक्य लागायला दोन थांबे गेले. पोचलीस की कळव. गेली पंधरा वर्षं आई प्रत्येक बसस्टँडवर हेच म्हणते. हे कार्ड मी स्वतः करून ॲपमध्ये घालायला गेले तर तशी सोयच नाही.

वर्गणीचे वर्षाला साठ युरो. नूतनीकरण आपोआप होतं, ते बंद करण्याचं बटण 'प्रोफाइल'मध्ये नाही, 'मदत'च्या आत तिसऱ्या पानावर आहे. मी कालच बंद केलं. अगदी पहिली पायरी असेल आणि कान तयार करायचे असतील तर एक महिन्याचा प्लॅन घ्या. म्हणी आणि आवाजाचे धडे आधी उरका, पिरोपोचा सोडून द्या. बरोबर एक वही ठेवा, आणि तिच्यात डाव्या बाजूला मराठी लिहा.