लुईझ, फहरेलनिसा की सत्त्वशीलादेवी? प्रबंधासाठी कोणाला निवडाल

कोल्हापुरात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुली मला विचारतात, "मॅडम, राजघराण्यातल्या कलावतीवर लिहायचंय, कोणाला घेऊ?" पुढे येणारी नावं बहुधा हीच तीन. मी तिघींकडे एकच प्रश्न घेऊन जाते: गादीमुळे तिच्या कलेचं काय झालं?

लुईझ (१८४८-१९३९) ही राणी व्हिक्टोरियाची चौथी मुलगी, शिल्पकार. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये तिनं घडवलेला आईचा संगमरवरी पुतळा १८९३ पासून उभा आहे. शिल्पकलेच्या विद्यार्थिनीला ही जवळची वाटेल, पण अडचणही तिथंच आहे. शिल्पाला फेरी मारावी लागते. आपल्या शिवाजी चौकातला बाबूराव पेंटरांनी घडवलेला पुतळा आपण चारी बाजूंनी पाहतो. लुईझचं काम मात्र फोटोवरच पाहावं लागणार. शिवाय राजछत्र तिच्या डोक्यावरून कधी हललं नाही, त्यामुळे माझ्या प्रश्नाला तिच्याकडे अर्धंच उत्तर आहे.

चित्रकार फहरेलनिसा झैदकडे ते उत्तर पुरेपूर आहे. १९०१ साली इस्तंबूलजवळच्या ब्युकादा बेटावर, बड्या उस्मानी घराण्यात जन्म. कलेचं शिक्षण इस्तंबूलला, मग पॅरिसला. १९३४ मध्ये इराकच्या राजघराण्यातले राजपुत्र झैद यांच्याशी दुसरं लग्न. पुढे ते लंडनला राजदूत झाले. पाहुणचार सांभाळता सांभाळता ही बाई भिंतभर कॅनव्हास रंगवत होती. रंगीत काचेच्या तुकड्यांसारखे दिसणारे ते आकार. १९५१ चं 'माय हेल' पाच मीटरहून रुंद आहे!

१४ जुलै १९५८ ला बगदादमध्ये क्रांती झाली, राजा फैसल आणि राजकुटुंबातली माणसं मारली गेली. हे दोघं तेव्हा इटलीत सुट्टीवर होते म्हणून वाचले. दूतावासातलं घर सोडावं लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं स्वयंपाक करायची वेळ आली, आणि त्या स्वयंपाकघरातूनच नवं काम निघालं: कोंबडीची हाडं रंगवून ती रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, बसवणं. मला या बाईचं हेच सगळ्यात मोठं वाटतं. १९७५ मध्ये ती अम्मानला गेली, घरातच मुलींना, बायकांना शिकवू लागली. १९९१ मध्ये ती गेली. तिच्या आजवरच्या कामाचा आढावा घेणारं मोठं प्रदर्शन लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात २०१७ साली झालं. वाचायला साहित्य मिळेल, पण बरंचसं इंग्रजीत. ती तयारी हवी.

सावंतवाडीच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांची गोष्ट वेगळीच. संस्थानं विलीन झाली होती आणि गंजिफा ही गोल, हातानं रंगवलेल्या पत्त्यांची कला संपत आली होती. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब त्यांच्याकडे शिकायला बसले. राजवाड्यात कारागीर बसू लागले, लाकडी वस्तूंवरचं लाखकामही सुरू झालं. दशावतारी संचात १२० पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. २०१८ मध्ये राणीसाहेब गेल्या.

"ही तर हस्तकला, चित्रकला कुठं?" असं परीक्षक विचारतील. विचारू देत. तळहाताएवढ्या गोलात मत्स्यावतार मावेल अशी रेघ मारायला काय लागतं, हे आधी स्वतः करून पाहा, मग उत्तर द्या.

शिल्पवाल्या मुलींना मी लुईझपासून परावृत्त करणार नाही. घरी बसून वाचूनच लिहायचं असेल तर फहरेलनिसा घ्या. पण चार दिवस काढता येत असतील तर सत्त्वशीलादेवीच. आजरा, आंबोलीमार्गे एसटीनं सावंतवाडीला जा, राजवाड्यात कारागिरांशेजारी बसा आणि जमलं तर पत्ता हातात घेऊन पाहा. रंगाचा थर काचेआडून कळत नाही.