बेळगावच्या उद्यमबागमधलं गॅरेज: घाटात रेस दाबली की अडकणारी माझी जुनी गाडी शेवटी इथं सुटली

माझी गाडी २००५ सालची पेट्रोल, बाबांनी घेतलेली, १ लाख ४० हजार किलोमीटरच्या पुढं गेलीय. विकायचा विचार कधी आला नाही आणि येणारही नाही, कारण बाबा गेल्यावर त्यांच्या हातची म्हणावी अशी घरात हीच एक वस्तू राहिलीय. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब होणार, ज्यांच्याकडं अशी जुनी गाडी आहे त्यांनी पूर्ण वाचा.

प्रॉब्लेम असा. गावात चालवताना गाडी एकदम गुळगुळीत, स्टार्टिंग एका सेल्फला, आयडल स्थिर. पण चढाला लागली आणि रेस दाबली की अडकायची, म्हणजे पाय खाली जातोय आणि गाडी पुढं जाण्याऐवजी गुदमरल्यासारखी करते, दोन झटके मारते, पाय थोडा सोडला की परत ओढायला लागते. बायकोचं माहेर गोव्यात, आमचं येणंजाणं चोर्ला घाटातूनच. गेल्या पावसाळ्यात परत येताना साखळी सोडली, केरी सोडली, घाट सुरू झाला आणि एका वळणावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये बसलीच, मागं कदंबाची बस, पुढं धुकं, मागच्या सीटवर आई आणि लहान पोरगी. दुसऱ्या गिअरमध्ये अर्धीच रेस ठेवून कणकुंबीपर्यंत कशी आणली ते माझं मला माहीत.

त्यानंतर दोन ठिकाणी दाखवली, नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल फिल्टर आणि टाकीतला पंपच नवीन घातला. दोन्हीकडं मिळून साडेनऊ हजारांच्या वर गेले आणि गाडी होती तशीच. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर पण लावला होता, एकही कोड नाही म्हणजे बिघाडाची नोंदच नाही, चेक लाइट कधी पेटलाच नाही. "कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" असं मला सांगितलं गेलं, ते फार लागलं मनाला.

मग खानापुरातल्या एका मित्रानं उद्यमबागमधल्या ह्या गॅरेजचं सांगितलं. बाहेर बोर्ड धड नाही, फौंड्री आणि लेथच्या शेडांच्या ओळीत एक पत्र्याची शेड. मेस्त्री साठीच्या आसपासचे, सगळे मामा म्हणतात. हाताखाली दोन पोरं, त्यातला एक कन्नड बोलणारा, मामा त्याच्याशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत, आपल्याकडं असतं तसंच.

मला पहिल्यांदा आवडलं ते हे की मामांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. "गाडी काय करालीय नेमकं? इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी जागेवरच राहते, का आवाजच दबतो?" मी म्हटलं आवाजच दबतो. "मग क्लच न्हवं. थंड असताना पण करते का? हळूहळू रेस वाढवली तर? टाकी निम्म्याखाली गेल्यावर जास्त होतं का?" अर्धा तास नुसतं विचारत होते आणि एका जुन्या वहीत लिहून घेत होते. ह्याआधी मला असं कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी उभ्या गाडीला दोन-तीनदा रेस देऊन ऐकलं आणि पार्टची यादी दिली. मामा म्हणाले, "उभ्या गाडीत इंजिनला पेट्रोल लागतंय किती? लोड आल्याशिवाय रोग दिसायचा नाही."

मग त्यांनी व्हॅक्यूम गेज लावलं, इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते मोजणारं. काटा १८ इंचाच्या आसपास. मी आधी इकडंतिकडं वाचलेलं की २० पाहिजे म्हणून मी घाबरलो, तर म्हणाले बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, हजार फुटाला एक इंच कमी धरायचं, म्हणजे आपल्याकडं १८ म्हणजे चांगलं. मग रेस वाढवून तशीच धरून ठेवली, काटा हळूहळू खाली सरकला असता तर सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चोंदलाय असं धरतात. काटा हलला नाही. म्हणजे कॅटकॉन बाद. तो बदलायचा सल्ला मला एकानं आधी दिलेला होता, त्याचा खर्च मी इथं लिहीत नाही.

नंतरची गोष्ट मी पहिल्यांदाच बघितली. पेट्रोलच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपवर, प्रेशर गेज बसवलं, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज पुढच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं पक्कं केलं, आपल्या डोळ्यासमोर दिसेल असं. आणि चला म्हणाले. मी चालवतोय, मामा बाजूला, येळ्ळूर करून राजहंसगडाच्या चढाला. आयडलला गेज २.६ किलो दाखवत होतं, शेडमध्ये रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा पार्ट) व्हॅक्यूमची नळी काढल्यावर ३ ला गेलेलं, म्हणजे बघणाऱ्याला सगळं बरोबरच वाटणार. रेस पूर्ण दाबली की व्हॅक्यूम जवळजवळ जातंच, म्हणून तेव्हा पण काटा ३ च्या जवळच राहायला पाहिजे. चढाला तिसरा गिअर टाकला, "दाबा, दाबून धरा, सोडू नका", मी दाबली आणि माझ्या डोळ्यासमोर काटा ३ वरून अडीच, दोन, १.८ आणि त्याच क्षणाला गाडीनं झटका मारला. पाय सोडला, काटा वर. परत दाबली, परत खाली. चार महिने मी जे लोकांना सांगत होतो आणि कुणाला पटत नव्हतं ते काचेवर दिसत होतं. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

मला वाटलं झालं, नवीन घातलेला पंपच खराब. मामा म्हणाले थांबा. गॅरेजला येऊन मागची सीट काढली, पंपाच्या कपलरवर पंप चालू असताना मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपावर १०.८. तीन व्होल्ट वाटेतच गायब. मग प्लसच्या बाजूला मोजलं तर ०.४ चा ड्रॉप, अर्थिंगच्या बाजूला २.७. अर्थिंगची वायर जिथं बॉडीला बोल्टनं बसते तिथं गंजाचा थर, कपलरच्या एका पिनवर हिरवट बुरशीसारखं. आपल्याकडचा पाऊस आणि वीस वर्षं, दुसरं काय होणार. पंप नवीन होता, फिल्टर नवीन होता, पण पंपाला ताकदच मिळत नव्हती. आयडलला आणि गावात हळू चालवताना इंजिन पितं थोडं, म्हणून पुरायचं, चढाला एकदम जास्त लागलं की कमी पडायचं. आणि स्कॅनरला कोड येणार कुठून, ह्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर बघणारा सेन्सरच नाही.

बोल्ट काढून पत्रा घासला, नवीन लग, जाड वायर, कपलर नवीन. पोरगा आतून कन्नडमध्ये ओरडला "आयतु मामा!", म्हणजे झालं मामा, आणि मीटरवर १३.४. परत त्याच चढाला, काटा २.९ च्या खाली आला नाही.

एवढ्यावर पैसे घेऊन सोडलं असतं तरी मी खुश होतो. पण पूर्ण रेसला एक बारीक मिसिंग (मध्येच स्पार्क चुकणं) राहिलंय असं त्यांना जाणवलं, मला तर कळलंही नाही. संध्याकाळी शेडचे लाइट बंद केले आणि प्लग वायरवर पाण्याचा हलका फवारा मारला, अंधारात एका वायरवरून निळी ठिणगी बॉडीकडं उडताना दिसली. रेस दाबली की सिलेंडरमधला दाब वाढतो, स्पार्क पडायला जास्त व्होल्टेज लागतं, प्लगमध्ये उडायला जड झालं की करंट वायरच्या चिरेतून पळतो, असं समजावून सांगितलं. वायरचा सेट बदलला. टाकीजवळची एक रबरी नळी पण बदलली, जुनी कडक झालेली, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय तर जुन्या रबरावर लक्ष ठेवा म्हणाले. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळं गाडी महिनामहिना उभी ठेवू नका असंही.

बिल सगळं मिळून २,६५०. काढलेले पार्ट पिशवीत घालून हातात दिले, न मागता.

नावडलेलं पण सांगतो. फोन उचलत नाहीत, मी तीन दिवस लावत होतो. बसायला जागा नाही, पावसात गेलात तर शेडमध्येच उभं राहायचं. पावती हातानं लिहिलेली. दुसऱ्या दिवशी देतो म्हणालेली गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, कामावर जायला मला जांबोटीहून वडाप (शेअर गाडी) धरावी लागली. ज्याला एसी वेटिंग रूम आणि मोबाईलवर मेसेज पाहिजे त्याचं इथं जमणार नाही. माझं मात्र जमलं, आणि ज्यानं मोजल्याशिवाय पार्टला हात लावला नाही त्याच्यासाठी मी तीन दिवस काय, आठवडा थांबेन.

काम होऊन आता दीड महिना झाला. मागच्या रविवारी सगळे परत गोव्याहून आलो, त्याच वळणावर मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, गाडी ओढत गेली. आई मागं झोपलेलीच होती.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर मामा ट्रायलला बाहेर असतात. टाकीत निम्मं तरी पेट्रोल असू द्या, चढाला घेऊन जातात. आणि आधी काय काय बदललंय त्याच्या पावत्या बरोबर न्या, ते पहिल्यांदा तेच मागतात.