पूरभिंत की मोकळं पूरमैदान? खान्देशातल्या नदीकाठच्या गावांसाठी

कन्नड घाटाच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला आणि 31 ऑगस्ट 2021 ला तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत शिरलं. शेकडो गुरं दगावली. असा पूर ओसरला की पहिली मागणी ठरलेली असते: काठाला भिंत बांधा. दुसरा मार्ग आहे गावाच्या वरच्या अंगाची सखल जमीन पुराला पुन्हा मोकळी करून देण्याचा. तिथले भराव, बांध, अतिक्रमणं काढायची आणि पावसाळ्यात पाणी पसरू द्यायचं. ज्या ग्रामसभेला किंवा नगरपालिकेला या दोहोंत निवड करायची आहे, तिच्यासाठी हे लिहितोय. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, पण एका अटीवर. ती अट पुढे येईल.

भिंतीची जमेची बाजू खरी आहे. जागा कमी लागते, काम डोळ्यांना दिसतं, आणि घरं अगदी पात्राला खेटून असतील तिथे तिच्याशिवाय गत्यंतरही नसतं. पण भिंत पाणी कमी करत नाही, फक्त त्याची वाट बदलते. एका काठाला भिंत झाली की पातळी चढते आणि पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात जातं. बाजारपेठेचा काठ आधी बांधला जातो आणि समोर बहुतेक वेळा भिल्ल वस्ती किंवा मजुरांची घरं असतात. शिवाय नदी भरून चालली असताना गावातल्या नाल्यांचं पाणी भिंतीच्या आत तुंबतं. त्यासाठी झडपा आणि पंप लागतात, आणि ते ऐन वेळी चालू राहतील याची जबाबदारी कुणाची, हे अंदाजपत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं.

नाला खोल आणि सरळ करणं हा तिसरा पर्याय पुष्कळदा सुचवला जातो. शिरपूर पॅटर्नचं खोलीकरण पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी होतं. नुसता सरळ केलेला नाला मात्र पूर लवकर पुढच्या गावाला नेऊन पोचवतो.

आता मोकळ्या पूरमैदानाचा हिशोब. 100 हेक्टर म्हणजे सुमारे 250 एकर जमिनीवर सरासरी एक मीटर पाणी उभं राहिलं तर 10 लाख घनमीटर मावतं. नदीला सेकंदाला 500 घनमीटरचा पूर असेल तर सगळा पूर तिकडे वळवला तरी ते मैदान अर्ध्या तासात भरेल. हे थोडं वाटतं, पण डोंगरातून येणाऱ्या छोट्या नदीचा लोंढा थोडा वेळच टिकतो, आणि फक्त पुराच्या माथ्यावरचं, म्हणजे सर्वांत वरचं जास्तीचं पाणी वळवायचं असेल तर तीच जागा कित्येक तास पुरते. तापीवर मात्र हा हिशोब जमत नाही. सेकंदाला 5 हजार घनमीटर पाणी असेल तर तेवढी जमीन तीन-चार मिनिटांचीच सोय. त्यातून खान्देशात तापी बऱ्याच ठिकाणी उंच दरडींमधून वाहते, तिला पसरायला जागाच थोडी. म्हणून हा उपाय तितूर, पांझरा, बोरी अशा नद्यांवर, गावाच्या वरच्या बाजूला सपाट जमीन असेल तिथेच धरावा. तापीकाठी हतनूर धरणाच्या विसर्गाची सूचना वेळेत मिळणं आणि निळ्या पूररेषेच्या आत नवी घरं न होऊ देणं जास्त उपयोगाचं. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांतल्या.

जमीन देणाऱ्याचं काय? खरा प्रश्न इथे आहे. गाव वाचवण्यासाठी काठच्या चार शेतकऱ्यांची शेतं बुडणार असतील आणि गाव नुसतं आभार मानणार असेल, तर मी त्या योजनेला विरोध करेन.

नेदरलँड्समध्ये 1995 च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध उंच करत राहण्याऐवजी नदीला जागा देण्याचा कार्यक्रम घेतला. ओव्हरडीप इथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच सुचवलं की आमची शेतं बुडू द्या, पण घरं-गोठे उंच भरावांवर बांधून द्या. तसं झालं. तिथला पैसा आपल्याकडे नाही, पण शेतकऱ्याला आधी विचारायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे एक सोय आहे. पुराचा धोका मुख्यतः पावसाळ्यापुरता असतो. मैदान खरिपात गवताला सोडलं तरी पाणी उतरल्यावर त्याच ओलीवर दादर (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा निघतो. केळी तिथे नको, ती वर्षभर उभी असते आणि पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणजे जमीन कायमची विकत घ्यायची गरज नाही. खरीप सोडल्याचा दरवर्षीचा ठरलेला मोबदला आणि प्रत्यक्ष पाणी आलं तर वेगळी भरपाई, असा करार पुरेल. पिकाचं नुकसान 33 टक्क्यांवर गेलं तरच मिळणाऱ्या सरकारी मदतीवर तो अवलंबून नसावा.

पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. बटाईने कसणाऱ्याचं नाव तिथे नसतं, आणि कापूस गेला की निंदणी-वेचणीवर जाणाऱ्या बायांची मजुरीही जाते. माझी अट हीच: बटाईदार, सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी) आणि मजूर यांचा वाटा करारातच लिहिलेला हवा, आणि तो नदीच्या खालच्या अंगाच्या, पुरातून वाचणाऱ्या गावाने, बाजारपेठेने, नगरपालिकेने उचलायला हवा. ही तयारी नसेल तर भिंतच बांधा, पण समोरच्या काठाचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा.

बोलणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी संपवा. सालदारकी आणि बटाईचे व्यवहार त्या सुमारास ठरतात. नंतर करार झाला तर त्या वर्षाचा खरीप सुटल्याने रिकाम्या झालेल्या सालदाराला दुसरीकडे काम शोधायलाही वेळ उरत नाही.