केशरी किल्ट, आणि त्याआधी बाजूला ठेवलेली टार्टन

गेल्या सप्टेंबरात उत्तर आयर्लंडमधील एका लग्नासाठी मी डब्लिनच्या एका दुकानातून मापाचा लोकरी किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, शिवून घेतला. शिवणकाम उत्तम आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. मात्र कापड निवडताना त्याच दुकानाने दिलेला सल्ला इतका अपुरा होता, की तो मी तसाच मानला असता तर यजमानांच्या घरी अवघडलेपण नक्की निर्माण झाले असते. आयर्लंडमध्ये राहणारे अनेक मराठी लोक आता सहकाऱ्यांच्या लग्नांना किल्ट घालून जाऊ लागले आहेत, त्यांच्यासाठी हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वर कॅथलिक घरातला आणि वधू प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथाच्या, घरातली. दोघेही डब्लिनमध्ये माझ्यासोबत काम करतात. लग्न डंगिवन गावाजवळ होते. हे गाव ज्या काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिला वराच्या घरी डेरी म्हणतात आणि वधूच्या घरी लंडनडेरी, आणि १६१३ च्या सनदेपासून चालत आलेला हा ‘लंडन’ उच्चारायचा की गाळायचा, यावरून बोलणाऱ्याची राजकीय बाजू ओळखली जाते. वराच्या मित्रांनी किल्ट घालावेत, कापड ज्याचे त्याने निवडावे, एवढेच आम्हाला सांगितले होते.

लग्न कुठे आहे हे ऐकताच विक्रेत्याने अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताचे लाल टार्टन, म्हणजे रंगीत रेघांच्या चौकडीचे लोकरी कापड, समोर पसरले आणि हे तिथल्या कुळांचे प्राचीन किल्टचे कापड आहे, असे ठामपणे सांगितले. कापड सुंदर होते, माहिती मात्र चुकीची होती. १९५६ मध्ये डंगिवनजवळच्या फ्लँडर्स या वाडीत शेतावर काम करणाऱ्या एका माणसाला मातीच्या बांधात जुने कपडे सापडले. ते साधारणपणे सोळावे शतक संपून सतरावे सुरू होतानाच्या काळातले मानले जातात आणि आज बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत. त्यांतली चौकडीची वस्तू किल्ट नसून तंग विजार आहे, आणि ती कोणत्या कुळाची होती याचा काहीही पुरावा नाही. त्या विजारीवरून दोन टार्टन तयार झाली: एक मातीत रापलेल्या तपकिरी रंगांचे आणि दुसरे मूळ रंगांचा अंदाज बांधून विणलेले लाल. ज्या परिसरात ते वस्त्र सापडले तिथेच लग्न होते, त्यामुळे मला स्वतःला या कापडाचा मोह झाला होता, हे मान्य करतो.

मी वराला फोन केला. तो म्हणाला, “कापडाला कोणी काही म्हणणार नाही, पण ‘हे कुठले?’ असे माझ्या आजीने विचारले, की तुला ‘अल्स्टर’ म्हणावे लागेल.” अडचण नेमकी इथे आहे. अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या आहेत. त्यांतल्या सहा उत्तर आयर्लंडमध्ये आणि डोनेगल, कॅव्हन, मोनाहन या तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. युनियनवादी, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनसोबतच राहावे असे मानणारे आणि बहुधा प्रोटेस्टंट लोक, मात्र ‘अल्स्टर’ हे नाव सर्रास केवळ त्या सहा काउंट्यांसाठी वापरतात, आणि अखंड आयर्लंड हवा असलेल्या राष्ट्रवादी, बहुधा कॅथलिक, घरांत तो वापर आयर्लंडच्या फाळणीची आठवण करून देतो. शिवाय चौकडीच्या कापडाला तिथे एक जवळची, दुखरी आठवणही आहे. मार्च १९७१ मध्ये बेलफास्टच्या वेशीवर आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने तीन तरुण स्कॉटिश सैनिकांना ठार केले आणि त्यानंतर युनियनवादी वस्त्यांतील तरुणांच्या टोळ्या टार्टनचे मफलर गुंडाळून रस्त्यावर उतरू लागल्या; लोक त्यांना ‘टार्टन गँग’ म्हणत. त्या काळात तिथल्या कॅथलिक वस्तीत वाढलेल्या, आता साठी-सत्तरीत असलेल्या माणसाला लाल चौकडी पाहून काय आठवेल, याचा विचार पाहुण्याने करायलाच हवा असे माझे मत आहे. दुकानात या विषयावर एक अक्षरही निघाले नाही.

मग काउंट्यांची टार्टन पाहिली. ही बहुतेक सारी १९९० च्या दशकात ब्रिटनमधील कापड-कारखान्यांनी बाजारासाठी आखलेली आहेत. ती एडिंबराच्या टार्टन-नोंदवहीत सापडतात, पण म्हणून कोणत्या काउंटीने वा कुळाने ती आपली म्हणून स्वीकारली असा अर्थ होत नाही, आणि ती कोणी घालावीत याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. मला त्यात गैर वाटत नाही. कापड नवे असले तरी ते घालणाऱ्याचे प्रेम खरे असू शकते. परंतु लग्नाच्या काउंटीचे टार्टन घ्यायचे तर कापडाच्या चिठ्ठीवरच्या नावाचा, डेरी की लंडनडेरी हा, प्रश्न पुन्हा उभा राहत होता. मी राहतो त्या डब्लिनचे घेता आले असते, आणि दुसऱ्या एका मित्राने तेच केले. ती निवडही सुज्ञ होती. आयर्लंडच्या ध्वजातील हिरवा, पांढरा आणि नारिंगी रंग घेतलेले ‘राष्ट्रीय’ टार्टन मी लगेच बाजूला ठेवले. नारिंगी रंग त्या तिरंग्यात विल्यम ऑफ ऑरेंज या सतराव्या शतकातील प्रोटेस्टंट राजाच्या अनुयायांशी सलोखा व्हावा म्हणून आला हे खरे असले, तरी वधूच्या घरच्यांना तो ध्वज आपला वाटत नाही. ब्लॅक वॉच ही ब्रिटिश लष्करातील एका पलटणीची चौकडी आहे, आणि त्या पलटणीने उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर गस्त घातलेली असल्याने तिचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

शेवटी मी विनाचौकडीचा, एकरंगी केशरी किल्ट मागितला. केशरी म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर भगवा येईल, पण हा रंग मोहरीच्या आणि पिकल्या गव्हाच्या मधला आहे. त्याचा इतिहास कोणत्याही टार्टनपेक्षा खोल आहे आणि तो दोन्ही घरांना पुरतो, म्हणून मला तो आवडला. जुने आयरिश लोक किल्ट नव्हे, तर केशराच्या रंगाचा लांब सदरा घालत. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत, आयर्लंडमध्ये इंग्रजी पोशाख आणि भाषा रुजावी म्हणून कायदा झाला आणि त्यात केशरात रंगवलेल्या सदऱ्यांवर बंदी घातली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रवादी चळवळीने तोच रंग उचलून किल्टवर आणला. पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झालेल्या पॅट्रिक पिअर्सने १९०० च्या सुमारास वस्तुसंग्रहालयातील जुनी आयरिश विजार पाहून एका परिचिताला पत्र लिहिले होते. किल्टचा पुरावा कमी भक्कम असला तरी त्या विजारीपेक्षा आपल्याला किल्टच पसंत पडेल, असा त्याचा आशय होता. आयरिश किल्ट ही जाणीवपूर्वक केलेली राजकीय निवड होती हे या पत्रावरून जितके स्पष्ट होते तितके दुकानातील कुठल्याही माहितीपत्रकावरून होत नाही, आणि त्यामुळे तिचे मोल माझ्या दृष्टीने वाढते. दुसरीकडे, ब्रिटिश लष्करातील आयरिश गार्ड्स आणि रॉयल आयरिश रेजिमेंट यांचे पाइपवादक, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, केशरी किल्ट घालतात, आणि आयर्लंडच्या स्वतःच्या संरक्षण दलांचे पाइपवादकही तोच घालतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना मानाने मिरवला जाणारा दुसरा पोशाख मला तरी माहीत नाही.

दुकानाची दुसरी चूक मात्र इथेच घडली. किल्टसोबत भाड्याने येणाऱ्या संचात त्यांनी कॉबीन, म्हणजे आयरिश पलटणींची ती एका बाजूला झुकलेली टोपी, आणि तिच्यावर हिरवा तुरा असे सारे घातले होते. डोक्यावर तुरा आला की केशरी किल्ट लग्नाचा पोशाख राहत नाही, पलटणीचा गणवेश होतो. आणि रॉयल आयरिश रेजिमेंट १९९२ मध्ये स्थापन होताना तिच्यात अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट ही उत्तर आयर्लंडमध्येच भरती केलेली ब्रिटिश पलटण विलीन झाली होती, जिच्याबद्दल त्या भागातील कॅथलिक घरांच्या आठवणी अत्यंत कडू आहेत आणि जिच्यात अनेक प्रोटेस्टंट घरांनी आपली माणसे गमावली आहेत. मी टोपी आणि तुरा परत केला, साधे काळे जाकीट, क्रीम रंगाचे लोकरी मोजे आणि कोणतेही चिन्ह नसलेले चामडी स्पोरन, म्हणजे किल्टपुढे लटकणारी थैली, ठेवले. किल्ट निवडताना आपण केवळ कापडाचा विचार करतो, पण केशरीच्या बाबतीत बाजू ठरते ती सोबतच्या वस्तूंवरून, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवे होते.

आता शिवणकाम. कापड सोळा औंसी (म्हणजे यार्डाला सोळा औंस वजनाचे), आठ यार्डांचे, शुद्ध लोकरीचे. इतके कापड मागे निऱ्यांत गेल्यामुळे चालताना किल्ट झुलतो पण उडत नाही, आणि त्या डोंगराळ भागातल्या वाऱ्यात याचे मोल कळते. चौकडीच्या किल्टमध्ये शिंपी निऱ्या अशा घालतो, की मागेही नक्षी अखंड दिसावी, आणि छोट्या चुका रेघांच्या गर्दीत लपतात. एकरंगी कापडात तसे काही लपत नाही. माझ्या किल्टच्या निऱ्या कमरेपासून खालपर्यंत सरळ उतरतात, हातशिलाईचे टाके एकसारखे आहेत, आणि पुढचा सपाट पदर बसल्यावरही फाकत नाही. कमरेच्या पट्ट्यांना एकेक बक्कल असून आत दोन इंच वाढवण्याइतके कापड सोडलेले आहे. मापे घेताना शिंप्याने मला गुडघ्यावर बसवून काठ जमिनीला लागत नाही ना हे पाहिले. असा काळजीपूर्वक काम करणारा माणूस भेटला याचा मला आनंद झाला. उणीव एकच: या रंगावर चिखलाचा शिंतोडा लगेच उठून दिसतो आणि घरी धुण्याची सोय नाही.

किंमत ५२० युरो पडली आणि सात आठवडे लागले. स्कॉटलंडमधून थेट मागवला तर मूळ किंमत थोडी कमी दिसते, पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून येणाऱ्या पार्सलवर करांचा हिशेब करावा लागतो, आणि माप चुकले तर तो दोनदा होतो.

लग्नात मला वराच्या आजीने आणि वधूच्या काकांनी, वेगवेगळ्या टेबलांवर, एकच प्रश्न विचारला: “तुम्ही पाइप वाजवता का?” आजींना तो रंग डब्लिनच्या संचलनातून माहीत होता आणि काकांना आयरिश गार्ड्समधून. दोघांनाही मी नाही म्हटले, आणि दोघेही आपापल्या आठवणी बराच वेळ सांगत राहिले.

परत आल्यावर मी दुकानात जाऊन कॉबीनबद्दलचे आणि अल्स्टर टार्टनबद्दलचे म्हणणे नीट मांडले. मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले, न वापरलेल्या टोपीचे भाडे ३५ युरो परत केले, आणि डंगिवनच्या विजारीबद्दल मी सांगितलेले लिहून घेतले. किल्ट शिवायला मी पुन्हा तिथेच जाईन. कापड मात्र यजमानांशी आधी बोलून, घरूनच ठरवून नेईन.