मोठ्या नावाच्या आधारे विकलेले कन्सोल टेबल

जुन्या फर्निचरच्या एका विक्रेत्याने मला कोरीव कन्सोल टेबल (भिंतीलगत ठेवायचे अरुंद टेबल) विकले, ते १८व्या शतकातले म्हणून आणि एका दिवंगत, नामांकित इंटिरिअर डिझायनरच्या राहत्या घरातले म्हणून. किमतीतला मोठा वाटा या नावाचाच होता. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. सोबतच्या फाइलमध्ये त्या डिझायनरच्या दिवाणखान्याचे मासिकातून कापलेले छायाचित्र, त्यांच्यावरचे लेख आणि विक्रेत्याने स्वतःच सही करून दिलेले प्रमाणपत्र होते. असे डिझायनर होऊन गेले, एवढेच त्या कागदांवरून सिद्ध होत होते. हेच टेबल त्यांच्याकडे होते हे दाखवणारी जुनी पावती, लिलावाच्या यादीतला क्रमांक किंवा वारसांचे पत्र यांपैकी काहीही त्यात नव्हते.

बनाव उघडा पाडला तो टेबलावरच्या संगमरवराने. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर त्यातल्या टेबलाच्या दगडावर डाव्या कोपऱ्यातून निघून मध्यावर दुभंगणारी पांढरी शीर स्पष्ट दिसली. माझ्याकडच्या दगडात तशी शीर कुठेच नव्हती, आणि दगडाच्या शिरा बोटांच्या ठशांसारख्या असतात. ‘दगड मागाहून बदलला असेल,’ हे उत्तर विक्रेत्याकडे तयारच होते (अशा लोकांकडे ते नेहमीच असते), म्हणून दगड उतरवून एका जाणत्या सुताराकडून टेबल उलटे करून तपासून घेतले. खालच्या लाकडावर गोल करवतीचे कमानदार ओरखडे होते, जे १८व्या शतकातल्या कामावर सहसा आढळत नाहीत. आतले सांधे अधिक-चिन्हाच्या खाचेच्या स्क्रूंनी आवळलेले होते, आणि ते स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. एखाददुसरा स्क्रू दुरुस्तीत बसवलेला असू शकतो. येथे मात्र सगळा सांगाडाच त्यांवर उभा होता आणि शेजारी जुन्या खिळ्याचे एकही भोक नव्हते. किड्यांनी पोखरल्याच्या खुणाही बनावट होत्या: खरा किडा लाकडात वेडावाकडा फिरतो, पण येथे प्रत्येक भोकात घातलेली तार सरळ जाऊन सारख्याच खोलीवर अडत होती.

कालखंड, लाकूड, झालेल्या दुरुस्त्या आणि आधीच्या मालकाचे नाव, तसेच यांतले काही खोटे ठरल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची हमी, हे सारे बिलावरच, पैसे देण्यापूर्वी, सहीनिशी लिहून घ्यावे. वेगळे प्रमाणपत्र चालवून घेऊ नये. मी पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने प्रमाणपत्राला हातही लावला नाही. त्याने बिलाची प्रत पुढे केली, आणि तीत केवळ ‘प्राचीन शैलीतील कोरीव टेबल’ असे नमूद होते.