हलकी डंपिंग ट्रॉली की जाड पत्र्याची?
शेततळं खोदायला तीन टनांचा मिनी पोकलेन न्यायचा असेल, तर आधी ट्रॉलीची आरसी काढा. त्यावर रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोहोंतला फरक तेवढाच तुमचा कायदेशीर माल.

समजा कमाल मर्यादा ५ टन आहे. जाड पत्र्याची ट्रॉली स्वतःच २.२ टन असेल तर उरतात २.८ टन, पोकलेन बसतच नाही. हलकी १.५ टनाची असेल तर ३.५ टन मिळतात. बकेट, साखळ्या, डिझेलचा डबाही त्यातच धरा. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये.

माझं मत हलकीकडेच. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून तीच निघते. पण ट्रॉलीच्या तळाखालचे आडवे लोखंडी चॅनल वाकून बघा, कारण पोकलेनचं सगळं वजन त्याच्या चाकांऐवजी असलेल्या दोन पट्ट्यांवर येतं. रोज गिट्टी ओतायची असेल तर मात्र जाडच घ्या, पातळ पत्र्याला पोचे पडतात.

आणि शेतीच्या नोंदणीवर दुसऱ्याचं मशीन भाड्यानं वाहू नका. फळ्या वाढवल्या असतील तर जिनिंगच्या काट्यावर रिकामी ट्रॉली पुन्हा तोला.